मजकूरबाबूंची बोडी

मजकूरबाबू कुणालाही 'कसं काय' असे विचारत नसत. समोर माणूस आला की खिशातले पेन काढायचे आणि पहिला प्रश्न, "मजकूर किती?" गोंदियातल्या एका छापखान्यात, दाराजवळच्या टेबलाशी ते बसत. लग्नपत्रिका, विडीच्या बंडलावरचे चार शब्द, दंडारीच्या खेळाची जाहिरात, नागपूरच्या वर्तमानपत्रात धाडायची बातमी, काहीही लिहून देत. निवडणूक आली तेव्हा दोन्ही उमेदवारांची भाषणे त्यांनी एकाच टेबलावर लिहिली. दोघांनीही एकमेकांच्या भाषणाला भरसभेत 'भाडोत्री' म्हटले. दोघांच्याही तोंडी तो शब्द यांनीच घातला होता. या सगळ्या लिखाणाखाली नाव ज्याचे त्याचे असे, बाबूंचे कुठेच नसे.

अर्जुनी मोरगावकडच्या एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. मॅट्रिक होऊन भातगिरणीत कारकून झाला. मालकाने सांगितले, वॅगन वेळेवर मिळत नाही अशी रेल्वेकडे तक्रार कर. बाबूंनी फलाटावर पावसात भिजणाऱ्या पोत्यांचे असे वर्णन केले की साहेबाचे उत्तर आले, 'पत्र आवडले. वॅगन कोणती ते कळवावे.' त्यानंतर गिरणी आणि बाबू यांनी एकमेकांना फार दिवस सहन केले नाही. पुन्हा नोकरी का धरली नाही, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "नोकरीत जलमभर एकाच मालकाचं लिवा लागते जी. इथं रोज नवा मालक!"

त्यांना नाद एकच, भांडणे ऐकण्याचा. बाजाराच्या दिवशी ते पिशवी न घेता जात आणि जिथे आवाज चढेल तिथे उभे राहत. चांगला शब्द कानावर आला की जाहिरातीच्या कोऱ्या पाठीवर टिपायचा. एखादी शिवी अर्धवट ऐकू आली तर भांडणाऱ्या बाईलाच जाऊन विचारत, "बाई, मघाशी काय म्हनलं? एकडाव आणखी सांगता का?"

"तुले कायले पायजे रे मुडद्या?" ती बाई म्हणे. बाबू तेही टिपून घेत.

मी गोंदियाला आलो तो साताऱ्याकडून, हायस्कुलात मराठी शिकवायला. माझ्यापाशी भांडवल दोनच गोष्टींचे. एक वळणदार अक्षर आणि दुसऱ्याच्या चुका दिसणारा डोळा. स्वतःच्या चुका दिसणारा डोळा पुढे याच गृहस्थांमुळे थोडासा किलकिला झाला.

बाबूंचे अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी पळालेली. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवले. "मास्तर, सुवाच्य उतरवून द्या. पुण्याच्या मासिकाले धाडून राहिलो." मग जरा थांबून, "माझ्या नावानं."

गावाकडे त्यांचा बाप दर खेपेला विचारी, "साऱ्या दुनियेचं लिवतेस. आपलं कवा लिवशील?" त्या बापाने स्वतःच्या हातांनी शेतात बोडी खणली होती. लेख तिच्यावरच होता. छापून आलेला तो बापाला वाचून दाखवायचा, एवढीच बाबूंची इच्छा.

बोडी म्हणजे शेतातले लहानसे तळे. त्या मुलखात हे शेंबड्या पोराला ठाऊक. मला नव्हते. मी विचार केला, पाणी आहे, मासे आहेत, काठावर म्हातारा बसला आहे, म्हणजे हा शब्द होडीच! कुणाला विचारावे तर व्याकरणाच्या शिक्षकाने विचारायचे कुणाला? जिथे जिथे बोडी होती तिथे तिथे मी होडी केली. 'बापाने तीन उन्हाळे खपून होडी खणली' या वाक्याशी मात्र अडलो. होडी खणतात होय? 'खणली' खोडून 'कोरली' केले आणि बाबूंच्या मराठीची मनातल्या मनात कीव केली.

लेख छापून आला. बाबूंनी तो टेबलाशी उभ्यानेच वाचला. मी शाबासकीसाठी बाजूलाच उभा.

"मास्तर, होडी कोठून आली?"

"नाही, ते बोडी म्हणजे..."

"बोडी म्हंजे बोडी जी!"

बस्स. बाजारात इतकी वर्षे जे काही टिपले होते त्यातले एखादे तरी रत्न माझ्या अंगावर येईल म्हणून मी वाट पाहिली. आले नाही. म्हणाले, "रविवारी गावाले चाला."

छोट्या लाइनच्या गाडीने आम्ही गेलो. म्हातारा बोडीच्या बांधावर बसला होता. बाबूंनी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक होडीची बोडी आणि 'कोरली'ची 'खणली' करत ते न अडखळता शेवटपर्यंत वाचत गेले. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकले आणि मग माझ्याकडे तोंड वळवले.

"गुरुजी, आता तुमी वाचा. हा पोट्टा मनचं लावून वाचत असन."

मी वाचू लागलो. दोन परिच्छेद सांभाळले. तिसऱ्यात माझेच सुंदर वाचन ऐकण्यात मी रमलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "चैतात होडी आटली की गुरे तिच्यात उतरून चरतात."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "होडी? हा डोंगा कायले आणला मधात?"

"छापनाऱ्याची चूक हाये, बा," बाबू चटकन म्हणाले.

इथे गप्प बसावे की नाही? पण मला नेमक्या भलत्या वेळी सत्य बोलायची खोड. "नाही, चूक माझी आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. "एवढी मोठी बोडी तुमाले दिसली नाही काऊन, गुरुजी?" मग मुलाला म्हणाला, "नाव तं तुहंच हाये ना?"

"हो, बा."

"कोठं? दाखव."

बाबूंनी त्याचे बोट धरून नावावर ठेवले. म्हाताऱ्याला अक्षर कळत नव्हते. ते बोट त्याने बराच वेळ उचलले नाही.

पुढे संपादकांचे पत्र आले. 'आपला विनोदी लेख वाचकांना फार आवडला. असेच आणखी पाठवावे.' बाबूंनी उत्तर लिहिले, 'लेख विनोदी नव्हता.' तेही मलाच उतरवायला दिले. तीन शब्द मी तीनदा ताडून पाहिले. मासिकाकडून पुन्हा काही आले नाही आणि बाबूंनीही स्वतःच्या नावाने पुन्हा काही धाडले नाही. मी दोनदा आग्रह केला. दोन्ही वेळा, "पाहू जी," म्हणून ते समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

माझी बदली झाली. शाळेने निरोप समारंभ केला आणि हेडमास्तरांनी मला उद्देशून मानपत्र वाचले. पहिल्याच ओळीला मी लेखणी ओळखली. बाबू मागच्या बाकावर बसले होते. मी किती विद्वान, किती प्रेमळ, असे बरेच झाल्यावर हेडमास्तर आवाज उंचावून म्हणाले, "गुरुजींचा हात एकदा लागला, की तो मजकूर मूळ लेखकालाही ओळखू येत नसे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. गाडीत बसल्यावर मानपत्र पुन्हा उघडून पाहिले. एकही चूक नव्हती. खाली सही हेडमास्तरांची होती.