हॉलची हिरवी भिंत

हॉलची एक भिंत गडद ऑलिव्ह हिरवी करायची, हे बायकोनं ठरवलं. मी माप घेतलं. बारा बाय दहा, त्यातून खिडकी वजा. दोन हातांना दोन लिटर पुरतील, पण गडद रंगाला तिसरा हात लागतो, म्हणून तीन लिटर धरले. दुपारी पश्चिमेचं ऊन त्या भिंतीवर येतं, त्यामुळे खोली अंधारी होणार नाही, हेही बघून ठेवलं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. आम्ही भिंगारला राहतो, लष्कराच्या छावणीला लागून.

पहिला हात अर्धा झाला होता तेव्हा वडील फिरून आले आणि दारातच थांबले.

"हा रंग या घरात नको."

वडिलांची सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपातल्या स्टोअरमध्ये गेली. आमच्याकडे कुणाच्या दाराला किंवा पेटीला हा लष्करी हिरवा दिसला, की लोक विचारत नाहीत, समजून घेतात: माल आतला आहे, चोरलेला. वडिलांनी स्टोअरमधून कधी खिळासुद्धा घरी आणला नव्हता.

"अण्णा, दुकानातून मीच आणलाय," बायको म्हणाली. "डबा दाखवू का?"

"मला दाखवून काय उपयोग? गल्लीला दाखवशील?"

रंगारी ब्रश हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. क्रीम रंगाचा हात देऊन भिंत झाकता आली असती. तसं मी बोलणार, एवढ्यात समोरचे काका खिडकीशी आले. ते वडिलांबरोबरच नोकरीला होते.

"काय रे, रिटायर झाल्यावर हात मारलास व्हय? लई उशीर केलास!"

काका स्वतःच हसले. बायको आत निघून गेली. वडिलांचा चेहरा उतरला. उलट बोलणं त्यांना कधी जमलं नाही, त्यामुळे ते आता आतल्या खोलीत जाऊन पडतील, असं मला वाटलं.

"आत ये," ते म्हणाले. "लांबून काय बोलतोस? त्या वाळलेल्या कोपऱ्याला हात लाव."

काकांनी बोट फिरवलं. "हा तर खडबडीत लागतोय."

"भिंतीचा रंग आहे. गाड्यांचा ऑइल पेंट असता तर बोट सरकलं असतं. तुला सांगायला नको. तुझ्या न्हाणीघराच्या दाराला कुठला आहे?"

काका मान खाली घालून हसले. "व्हय बाबा. त्या दाराचं तेवढं काढू नकोस. चहा सांग."

बायकोनं आतूनच आधण ठेवल्याचं ओरडून सांगितलं.

चहा पिऊन काका गेले. मी वडिलांना क्रीम रंगाचं विचारलं.

"कशाला? तीन लिटर आणलाय ना? मग पुरा करा."

रंगारी धूळ येते म्हणून पुढचं दार लावायला गेला. वडिलांनी त्याला थांबवलं, दाराची दोन्ही कवाडं भिंतीपर्यंत उघडली आणि खुर्ची ओढून उंबऱ्याशी बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते आत बोलवत होते.