उजवा हात आणि डावी नळी

आमच्याकडं अंग लुळं पडलं की वारं गेलं म्हणतात. मग खोलीची दारं-खिडक्या लावायची, माणसाला घोंगड्यात गुंडाळायचं आणि जतकडच्या एका खेड्यात झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं न्यायचं. त्या औषधवाल्याची एक अट आहे. ज्याला दवाखान्याची सुई टोचली, त्याला त्याचं औषध लागू पडत नाही. म्हणून शहाणी माणसं दवाखान्याची वाटच टाळतात. पुढं तोंड वाकडं राहिलं तर नशिबाला बोल लावायची सोय आहेच.

माझ्यावर पाळी आली ती बेदाण्याच्या दिवसांत. शेडमध्ये बायका जाळीवर द्राक्षं पसरत होत्या. मी चहाचा कप उचलला आणि तो हातातून गळाला. उचलायला वाकले, तर उजवा पाय माझं ऐकेना. खाली बसले.

"आत्या, काय झालं?" सुनेनं विचारलं.

काय झालं ते मला पक्कं ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, तर एक शब्द येईना. चार यत्तांत शिकले होते तेवढेही गेले. ऐकू मात्र सगळं येत होतं, कळतही होतं. आयुष्यभर मी बोलले आणि घरानं ऐकलं. आता घर बोलणार आणि मी ऐकणार.

थोरले दीर धावत आले. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले आहेत. माझा नवरा गेल्यापासून आमच्या घरातही हुकूम तेच सोडतात, कुणी सांगितलं नसलं तरी. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, आवाज चढवणं लांबच.

"वारं हाय. गाडी बोलव. जतला न्यायचं," ते म्हणाले.

"मामा, सांगलीला नेऊया की. डोक्याचे डॉक्टर हायत तिथं. उशीर झाला तर सुईचा उपयोग न्हाई म्हणत्यात," सून म्हणाली.

"सुई टोचली की जतचं औषध वाया. माझ्या साडूला उभा केला त्यानं."

"आवं, तुमचे साडू काठी घेऊन चालत्यात."

"चालत्यात का न्हाई?"

गाडी आली. मला मागं आडवं केलं, वर घोंगडं टाकलं. सून माझ्यावर वाकली. "आत्या, तुमीच सांगा. जत का सांगली?"

माझं पुढचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर होतं. सांगली हे नाव मी रोज घेते. जिभेवर जुळवलं, रेटलं, नुसती लाळ आली. तेवढ्यात दीर म्हणाले, "जत म्हणत्यात त्या. मला कळतंय." आणि माझ्या तोंडातून स्वच्छ, खणखणीत बाहेर पडलं, "मुडद्या."

दिरांच्या तोंडाकडं कुणी बघेना. सून ड्रायव्हरला म्हणाली, "सांगली. आत्यांनी सांगितलंय."

दीर पुढं बसले आणि गाडी सांगलीच्या दवाखान्यात आली. तिथं डोक्याचा फोटो निघाला, गुठळी विरघळवायची सुई मिळाली. जेमतेम वेळेत पोचलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला. दीर म्हणाले, "हात उजवा गेलाय, आन तुमी डावी बाजू दाखवताय."

"उजवं अंग डावा मेंदू चालवतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या बागेत ठिबक आहे ना? तसंच समजा. मानेतून मोठी नळी वर येते, तिला फाटे फुटतात. वरच्या फाट्यावर हात, तोंड आणि बोलणं. खालच्यावर दुसऱ्याचं बोललेलं कळणं. आजींची गुठळी वरच्या फाट्यात अडकली. शेंड्याकडच्या बारीक नळ्यांतून शेजारचं रक्त झिरपत राहिलं, म्हणून तेवढा भाग सुई मिळेपर्यंत तगला."

"जतला जाऊन येईपर्यंत तगला असता?" सुनेनं विचारलं.

"नाही."

दिरांनी पडदा बराच वेळ न्याहाळला. मग खाकरून म्हणाले, "बोलायचा फाटा तुंबला म्हणता. मग एक शब्द तेवढा कसा आला?"

"कुठला शब्द?"

सून बाईंच्या कानात बोलली. बाईंनी ओठ दाबले. "असं होतं. शिव्या, पाढे, पाठ असलेल्या आरत्या बऱ्याचदा मेंदूच्या उजव्या बाजूनं निघतात. तिथं रक्त सुरू होतं. त्या ठरवून बोलल्या असं नाही."

"म्हंजे आजार बोलला," दीर म्हणाले, आणि सगळ्या गावाला त्यांनी तेच सांगितलं. मी मोडता घातला नाही. आरती आणि शिवी एकाच ठिकाणी नांदतात, हे मात्र मला नवं नव्हतं. देवळाच्या ओट्यावर रोज तेच ऐकते.

शब्द परत आले, पण रांगेत नाही. मीठ आलं, साखर अडली. हातात चमचा राहायला लागला, सुईत दोरा अजून जात नाही. घरी सोडायच्या दिवशी बाईंनी परीक्षा घेतली. पेन दाखवला, मी पेन म्हटलं. घड्याळ दाखवलं, जरा थांबून घड्याळ म्हटलं. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या दिरांकडं बोट केलं.

"आणि हे कोण?"

मी शब्द शोधत होते, खरंच शोधत होते, आणि दिरांना वाटत होतं मी निवडतेय.

"दीर," मी म्हटलं. "थोरले."

त्यांनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला आणि गाडी आणायला गेले.