तुरेवालीचं वजन

बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. दुकानदारांची वजनमापं तपासायची, ही त्यांची एकतीस वर्षांची नोकरी. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की भलेभले घाईने तराजू पुसायला लागायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा नजर परसातल्या पाखरांकडे वळली. दुसरा कुणी रंग बघेल, गाणं ऐकेल. काटेसाहेबांना पडलेला पहिला प्रश्न असा, की एवढंसं बुलबुल वजनाला भरतं तरी किती?

मग कुठलं राहवतंय! बायकोचा केकसाठी आणलेला नवा काटा त्यांनी परसातल्या कट्ट्यावर मांडला, वर पपईची फोड ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि खिडकीआड दुर्बीण घेऊन बसले. मोडक्या तुऱ्याचं एक बुलबुल आलं. सदतीस ग्रॅम! ते इतक्या जोरात ओरडले की पाखरू उडूनच गेलं.

पंधरा दिवस हाच उद्योग. त्या मोडक्या तुरेवालीचं वजन वाढत वाढत चाळिसावर गेलं आणि एका सकाळी एकदम तीन ग्रॅम उतरलं.

"अगं, अंडं घातलंय तिनं!" काटेसाहेब धावत स्वयंपाकघरात आले. "मागच्या वेलीतच घरटं असणार. उद्या वेल काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी रंगारी येणार होता. वेल उतरवल्याशिवाय मागची भिंत रंगवता येत नव्हती, आणि बायकोने तीन महिने मागे लागून ही तारीख मिळवली होती.

"घरटं पाहिलंत?"

"हात घातला तर घाबरून सोडून जाईल ती. पण आकडा सांगतोय ना!"

"काय सांगतोय कपाळ! माझे दोन केक बसले त्या काट्यापायी. तो काटाच धड नाही."

हे मात्र जिव्हारी लागलं. काटेसाहेबांनी तरातरा जाऊन कपाटातलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन आणलं आणि काट्यावर ठेवलं. सत्तेचाळीस. उचलून पुन्हा ठेवलं. एकावन्न. वापरण्याआधी काटा तपासा, हे त्यांनी जन्मभर लोकांना सुनावलं होतं. घरचा काटा म्हणून स्वतः मात्र तपासला नव्हता.

सकाळी रंगारी कोयता घेऊन आला. "काढा," काटेसाहेब म्हणाले, "माझ्याकडे पुरावा नाही." बोलताना त्यांना फार वाईट वाटलं. पण खोट्या काट्याच्या भरवशावर कुणाचं काम अडवणं त्यांच्याच्याने होईना.

रंगारी शिडी चढला, तोच बायको पिठाच्या हातांनी बाहेर धावली. "थांबा हो! आत्ता वेलीत शिरली ती. दूध उतू गेलं तरी मी बघत राहिले, बाहेर आलीच नाही."

रंगाऱ्याने अलगद पानं बाजूला केली. तुरेवाली भुर्रकन उडाली. "साहेब, घरटं आहे. दोन अंडी."

"घ्या! तुमचंच खरं निघालं," बायको हसली. "रंगाचं बघू पुढच्या महिन्यात."

काटेसाहेब हसले नाहीत. कट्ट्यावरच्या काट्याकडे बघत उभे राहिले.

"अगं, किती दुकानदार हात जोडून म्हणायचे, साहेब, काटा चुकला असेल, पण माल पुरता दिलाय, गिऱ्हाइकाला विचारा." त्यांनी काटा बंद केला. "मी एकदाही विचारलं नाही."