हाना रजेवर जात नाही

मस्कतच्या रुवी भागातल्या त्या जपानी हॉटेलात जेवायला येणाऱ्यांना स्वयंपाकघराच्या मागे एक कोठीची खोली आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग त्या खोलीत तांदळाच्या पोत्यांना पाठ टेकून चिपळूणची एक बाई बसलेली असते, हे त्यांना कुठून कळणार?

हॉटेल जपानी ते नावापुरतंच. मालक ओमानी, आचारी नेपाळी, मॅनेजर उत्तम लांज्याचा. खरं जपानी म्हणाल तर एकटी हाना, ताटं नेणारं यंत्र. छातीएवढी उंच, पांढरीशुभ्र, पोटात ताटं ठेवायच्या फळ्या, आणि चेहऱ्याच्या जागी काच. काचेवर दोन गोल डोळे मिचकायचे. टेबल नंबर सांगितला की ती आपली आपण चाकांवर सरकत जायची, वाटेत कुणी आलं तर थांबायची. हे सगळं तिला जपानमधूनच येत होतं. येत नव्हतं ते रुवीतलं बोलणं. इथलं गिऱ्हाईक एका वाक्यात चार भाषा घालतं. "भैया, वन सूप, मिर्ची कम, यल्ला जल्दी," असं कुणी म्हटलं की हाना डोळे मिचकावून इंग्रजीत म्हणायची, कृपया पुन्हा सांगा. गिऱ्हाईक पुन्हा सांगायचं. हाना पुन्हा तेच म्हणायची. लोक हसायला लागले, मग कंटाळले, आणि मालकाचा, म्हणजे अर्बाबचा, चेहरा उतरला.

तेव्हा उत्तमला विशाखा आठवली. आठवायला ती काही लांब नव्हती, दहा पावलांवर गल्ल्यावर बसली होती. उत्तम तिच्या मावसबहिणीचा दीर. गल्ल्यावरची नोकरी म्हणून त्यानेच तिला मस्कतला आणलं होतं. त्याआधी ती चिपळूणच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारायची. मग तिथे रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि विशाखाला घरी बसवलं. यंत्राने एकदा तिची खुर्ची घेतली होती, ती अशी.

"गो विशाखा, आजचा दिवस सांभाळून घे," उत्तम म्हणाला होता. "तू आत माईकवर बोल. हानाच्या तोंडून बाहेर येईल. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"आजचाच दिवस ना, उत्तमदादा?"

"आजचाच."

त्या आजच्या दिवसाला आता दीड वर्ष होत आलं होतं.

खोलीला खिडकी नव्हती. एका बाजूला पोती, दुसऱ्या बाजूला सोयासॉसचे डबे, समोर एक पडदा. हानाच्या कपाळावर कॅमेरा होता, त्यातून दिसेल तेवढं जग विशाखाचं. माणसांचे पोटापासून वरचे भाग, पोरांचे तळहात काचेवर आपटणारे, आणि खूप वेळ नुसती लादी. सकाळी वादी अदाईच्या स्टाफच्या खोलीतून कंपनीची व्हॅन आणून मागच्या गल्लीत सोडायची, रात्री तिथूनच उचलायची. पुढच्या दारातून जायचं नाही, गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही, माईकवर मराठी बोलायचं नाही, सर्दी झाली तर आलं चघळायचं. बाहेर कुणाला कळलं की हाना म्हणजे आत बसलेली बाई, तर अर्बाबची अब्रू गेली आणि विशाखाचा व्हिसा गेला. उत्तमने हे एवढ्या वेळा सांगितलं होतं की ती झोपेतसुद्धा हळू बोलायची.

चूक झाली ती एका पोरामुळे. शुक्रवारची दुपार, हॉटेल भरलेलं, हानाच्या पोटात वाफाळतं सूप, आणि चारेक वर्षांचं पोर थेट पुढ्यात. विशाखाच्या तोंडून निघून गेलं, "अरे अरे, हळू बाळा, भाजेल ना!"

कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसलेला माणूस जेवायचा थांबला. चाळिशीकडे झुकलेला, कंपनीचा निळा शर्ट, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. त्याने उत्तमला बोलावलं.

"ही मराठी बोलते?"

"लेटेस्ट मॉडेल आहे, साहेब. जपान्यांनी सगळ्या भाषा भरल्यात," उत्तमने घाम न येऊ देता सांगितलं.

"पण 'भाजेल ना' म्हणाली. 'ना' लावला."

"त्यांचा अभ्यास बारीक असतो, साहेब."

त्या माणसाचं नाव चंद्रशेखर. सोहारला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर टेक्निशियन. सोहारहून रुवी म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. पण पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. तेच टेबल, तेच सूप. हाना सूप घेऊन आली की तो इकडेतिकडे बघून, ओठ न हलवल्यासारखं करून बोलायचा.

"जेवलीस का, हाना?"

"मी जेवत नाही. मी चार्ज होते." हे उत्तमने शिकवलेलं उत्तर.

"मग झालीस का चार्ज?"

"झाले. तुम्ही?" हे मात्र विशाखाचं स्वतःचं.

"कॅम्पच्या मेसची डाळ खाऊन माणूस कसला चार्ज होतो? जेमतेम लाल दिवा लागतो."

विशाखाला हसू आवरेना. हसू दाबताना तिचं कोपर कळफलकावर पडलं. तिथे एक बटण होतं, वाढदिवसाच्या केकसाठी ठेवलेलं. ते दाबलं की हानाच्या डोळ्यांच्या जागी दोन लाल बदाम यायचे. ते आले. चंद्रशेखर कानापर्यंत लाल झाला आणि त्याने सूप एका दमात संपवलं.

त्यानंतर तो रिकाम्या हाताने आला नाही. एकदा ओमानी हलव्याचा डबा आणून हानाच्या फळीवर ठेवला.

"तू खात नाहीस, माहिती आहे. पण पाहुण्याने रिकामं येऊ नये, असं आई सांगायची."

तो डबा उत्तमने खाल्ला. एकदा त्याने मल्याळी दुकानातून मोगऱ्याचा गजरा आणला, आणि बराच विचार करून हानाच्या मानेभोवती गुंडाळला. विशाखाने पडद्यावर पाहिलं. त्याचे हात कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले होते की बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग दिसत होते. तिने उगीच श्वास आत ओढून पाहिला. सोयासॉसचा वास आला. संध्याकाळी गजरा गल्ल्यावरच्या गणपतीला लागला.

बोलता बोलता तो पुष्कळ बोलायचा. भट्टीजवळच्या उष्म्याबद्दल, खोलीत घोरणाऱ्या सोबत्याबद्दल, स्थळं आणून दमलेल्या बहिणीबद्दल.

"शेवटची मुलगी बघायला गेलो ना, तर तासभर बसून एकच वाक्य बोललो. काय, विचार."

"काय?"

"'पाणी मिळेल का?' पाणी समोर ठेवलेलं होतं."

"मग ती काय म्हणाली?"

"ती बिचारी आणखी एक तांब्या घेऊन आली." त्याने सुपात चमचा फिरवला. "माणूस समोर बसून बघायला लागलं की माझी वाचाच बसते, हाना. तुझं बरं आहे. तू बघतेस, पण बघत नाहीस."

ते वाक्य विशाखाने वादी अदाईला खोलीवर नेलं आणि उशाखाली ठेवल्यासारखं ठेवलं. रोज रात्री तिला वाटायचं, सांगून टाकावं. मी बघते. तुमच्या शर्टाचं वरून दुसरं बटण निराळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं आहे, तेसुद्धा बघितलंय. आठवड्यातून एकदा एक माणूस तिच्याशीच बोलत होता, आणि त्याला ती ठाऊकच नव्हती. ही खोली तिला आधीही लहानच होती. आता ती अंगाला लागायला लागली.

गणपती जवळ आले तेव्हा तिने उत्तमकडे रजा मागितली.

"दीड वर्ष घर बघितलं नाही, उत्तमदादा. पंधरा दिवस द्या."

"हाना रजेवर कशी जाईल, गो? मशीन रजेवर जातं काय कधी?"

"मग बिघडलं म्हणून सांगा. मशीन बिघडतं ना?"

"अर्बाब जपानला फोन करेल. माणूस येईल बघायला. मग?" उत्तम आवाज चढवायचा नाही, ती त्याची खोड होती, वाईट बातमी तो प्रसाद दिल्यासारखी द्यायचा. "उलट तुला आनंदाची गोष्ट सांगतो. सीबला नवीन शाखा निघतेय. तिथे दुसरी हाना. तिचा आवाजसुद्धा तूच, इथूनच. पडदा फक्त एक वाढेल."

"मला नको. मला सोडा."

"तुझा पासपोर्ट कुठाय?"

"तुमच्या खणात."

"मग," उत्तम म्हणाला, आणि भेंडीवाल्याचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी चंद्रशेखर आला. हातात पुन्हा गजरा. अर्बाब नमाजाहून घरी गेलेला, उत्तम दारात मोठ्या ग्रुपला टेबलं जोडून देत होता. विशाखाने हानाला कोपऱ्यात नेलं. माईक तोंडाजवळ घेतला.

"चंद्रशेखर, मी मशीन नाही."

त्याने वर पाहिलं.

"मी बाई आहे. माझं नाव विशाखा. मी आत बसलेय, कोठीच्या खोलीत. मीच बोलते तुमच्याशी, पहिल्यापासून."

चंद्रशेखर हसायला लागला. मनापासून, चमचा खाली ठेवून.

"वा. थट्टा करायलापण शिकलीस."

"थट्टा नाही."

"बरं, बाईसाहेब, कोठीत काय काय आहे?"

"तांदळाची पोती. सोयासॉसचे डबे. पंखा आहे, पण तो एकाच बाजूला बघतो."

"फारच बारीक अभ्यास आहे तुझा," तो म्हणाला, आणि गजरा सोडवायला लागला. विशाखाने डोळे मिटले. खरं बोलूनही माणूस आत तो आतच राहतो, असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग ती बोलली ते ठरवून नाही, जुन्या सवयीने तोंडातून आलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चिपळूणहून सुटणारी, मार्गताम्हाणे-शृंगारतळीमार्गे गुहागरकडे जाणारी गाडी, फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे."

गुहागर म्हणताना ती शेवटचं अक्षर जरा ओढायची. स्टँडवरचे कंट्रोलर साहेब त्यावरून ओरडायचे.

चंद्रशेखरचे हात थांबले. तो शृंगारतळीचा होता. हे त्याने हानाला कधी सांगितलं नव्हतं.

"हे जपान्यांनी भरलेलं नाही," तो अगदी हळू म्हणाला.

"नाही."

"हा आवाज... मी रोज त्या गाडीने घरी जायचो."

"हॉटेलाच्या मागे गल्ली आहे. गॅसची सिलिंडरं आहेत तिथे या. मी दार उघडते."

तो उठला. गजरा मुठीतच होता.

गल्लीत ऊन असं उभं होतं की भिंतीला हात लावणं शक्य नव्हतं. विशाखाने दार उघडलं. त्याला तिने शंभरदा पाहिलं होतं, तरी तो इतका उंच असेल असं वाटलं नव्हतं. कॅमेऱ्यातून तो कायम बसलेलाच असायचा. त्याने तिला पाहिलं. केसांना तेल, ओढणीवर सोयासॉसचा डाग, कानाभोवती हेडफोनचा वळ. मग त्याने नजर सिलिंडरांवर नेली आणि ती तिथेच ठेवली.

"नमस्कार," तो म्हणाला.

"नमस्कार."

"तुम्ही... इथे असता होय?"

"असते."

"ऊन फार आहे."

"हो."

एक मांजर दोघांच्या मधून निघून गेलं. चंद्रशेखरने गजरा या मुठीतून त्या मुठीत घेतला. विशाखाला वाटलं, आता हा पाणी मागणार.

"माझं एक ऐकाल?" तो शेवटी सिलिंडरांना म्हणाला. "तुम्ही आत जाऊन बसा. मी टेबलावर जातो. मग बोलू. तिथे मला जमतं."

"इथे नाही जमत?"

"मला सवय नाही हो."

रागवावं असा तो माणूस नव्हता. म्हणूनच तिचा जीव गुदमरला. आत उत्तम होता, खणात पासपोर्ट होता, आणि बाहेर उभा असलेला हा एकटा माणूससुद्धा तिला हात जोडून तीच खोली दाखवत होता.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावलं, पण कडी घातली नाही.

पडद्यावर तो येऊन आपल्या खुर्चीत बसताना दिसला. त्याने सुटकेचा श्वास टाकला. काचेतल्या गोल डोळ्यांकडे पाहून तो हसला, पहिल्यासारखा.

"हाना," तो म्हणाला. "बोल."

विशाखाने माईकचा आवाज पूर्ण मोठा केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," हाना भर हॉटेलात म्हणाली. घास थांबले, मोठ्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी दचकून वर पाहिलं. "शुक्रवारी दुपारी कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत येणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे. ती पुन्हा सुटणार नाही. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मग तिने हेडफोन काढून पोत्यावर ठेवला. बाहेर हाना वाटेतच उभी राहिली होती, डोळे मिचकावत. तिच्यामागे ताटं अडली होती. उत्तमचा आवाज आला, हिंदीत, मग मराठीत, "काही नाही साहेब, सॉफ्टवेअर, दोन मिनिटं." विशाखा हात मांडीत घेऊन बसली. आता काय होईल ते तिला नीट ठाऊक होतं: व्हॅन, खण, अर्बाबचा फोन. पंखा एकाच बाजूला बघत होता.

दारावर टकटक झाली.

गल्लीकडच्या दारावर. पुन्हा एकदा झाली, आधीपेक्षा हळू, जणू हात मागे घ्यावा की काय असा विचार करत केलेली. उत्तमने या खोलीचं दार कधी वाजवलं नव्हतं; तो सरळ आत यायचा.

विशाखाने पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती, सूप तसंच होतं, गजरा मात्र टेबलावर नव्हता.

"दार उघडंच आहे," ती म्हणाली. माईकशिवाय आवाज तिला स्वतःलाच जाडा वाटला. "या. पण माझ्याकडे बघून बोलावं लागेल."

दार करकरलं आणि पोत्यांवर उन्हाची एक पट्टी पडली.

"पाणी मिळेल का?" बाहेरून तो म्हणाला.