दोन्ही वेळा नाही

एका दवाखान्याची जुनी माहिती नव्या संगणकावर चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. प्रत्येक पेशंटपुढे जवळच्या नातेवाइकाची नोंद असते आणि त्या नोंदीत तीन रकाने: नाव, नातं, फोन. रिकाम्या नोंदी काढून टाकायच्या, भरलेल्या ठेवायच्या, असं ठरलंय.

काल दुपारी एक म्हातारी पेशंट या दोन्हींपैकी कुठल्याच यादीत सापडेना. शेवटी तिची नोंद उघडली. नाव नाही, फोन नाही. नात्याच्या रकान्यात एकच शब्द होता, मुलगा.

ही नोंद रिकामी आहे का, असं मी डेटाबेसला विचारलं. उत्तर आलं, नाही. मग भरलेली आहे का? तरीही नाही. एक रकाना भरला की नोंद रिकामी राहत नाही आणि सगळे भरल्याशिवाय ती भरलेली होत नाही. हा नियम मला पाठ आहे. तरी मी दोन्ही प्रश्न पुन्हा एकदा विचारून पाहिले.

शेजारच्या टेबलावरून मनीषाताई म्हणाल्या, “काढून टाक ना. असल्या नोंदीचा काय उपयोग?”

माझा हात होईना. नाव नोंदवायच्या खिडकीवर कुणीतरी विचारलं असेल, “आजी, तुमचं जवळचं कोण?” ती मुलगा म्हणाली असेल. पुढे नाव विचारल्यावर गप्प झाली असेल.

संध्याकाळभर ती डोक्यातून गेली नाही. मुलगा गेला का, असं विचारलं तर ती नाही म्हणेल. मग आहे का, असं विचारलं, तरी तेच म्हणेल.