गोरेगावच्या भिंतीवरचा माझा फोटो

मंडळी, आधीच सांगून टाकतो. भूतखेत, करणी, चकवा... यातल्या कशावरही माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. आणि त्याचं कारण धंद्यातलं आहे. मी नट आहे. बालनाट्यात तोंडाला पीठ फासून मी स्वतः भूत झालोय. एका सिनेमात हडळीच्या हातून मेलोय, आणि शॉट संपला की तीच हडळ माझ्याशेजारी बसून वडापाव खायची. त्यामुळे कोणी काही विचित्र सांगायला लागलं की मी पहिल्यांदा बघतो, दोरी कोण ओढतंय. याही वेळी तेच बघितलं. दोरी सापडली नाही, म्हणून लिहितोय.

मी मूळचा शिरड शहापूरचा. नव्वदच्या दशकात नाटकाच्या दौऱ्यांवर निम्मं आयुष्य बसमध्ये झोपून काढलं. मग सिनेमात इन्स्पेक्टर, वकील, मुलीचे वडील असली दोन-तीन सीनची कामं. दोन हजारनंतर डेली सोप. मोठा नट वगैरे नाही. लोक रस्त्यात अडवतात आणि विचारतात, "तुम्ही बँकेत होता ना?"

२००४ च्या आसपास एका मालिकेत मला मेलेल्या वडिलांचं काम मिळालं. हसू नका. मालिकेत मेलेल्या माणसाइतकी पक्की नोकरी कोणाची नसते, त्याला पुन्हा मारता येत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर हार घातलेला माझा फोटो, आणि अधूनमधून फ्लॅशबॅक. फोटो जुना दिसायला हवा म्हणून ब्लॅक अँड व्हाइट काढला. काळा कोट, जाड फ्रेमचा चष्मा, चिकटवलेली मिशी. कोटाचं मधलं बटण ऐनवेळी तुटलं, तर ड्रेसवाल्याने शर्टाचं पांढरं बटण टाचून दिलं... "फोटोत कोण बघतंय!" मिशीचं डावं टोक सुटून जरासं वर आलं होतं. तेही कोणी बघितलं नाही. मी मात्र रोज सेटवर ते बघून चडफडायचो.

त्याच हिवाळ्यात माझ्या भाचीला, वर्षाला, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचं स्थळ आलं. मुलाचं खत-बियाण्याचं दुकान, घरची शेती, वडील नाहीत, आई आणि चुलता. घर बघायला जाताना दाजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "हिरो, तुमी चला. तुमाला खोटी माणसं लगेच कळतेत." हे माझं कौतुक की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. जीपमधून उतरलो, हातपाय धुतले, बैठकीत जाऊन बसलो. पोहे आले. मी सवयीने भिंती न्याहाळायला लागलो.

समोर माझा फोटो होता. हार घातलेला.

काळा कोट. पांढरं बटण. मिशीचं वर आलेलं डावं टोक.

माझ्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. दाजींनी फोटोकडे बघितलं, नमस्कारही केला आणि पुन्हा पोहे खायला लागले. त्यांची चूक नाही. मिशी-चष्मा लावला की मला माझी बायकोसुद्धा ओळखत नाही. आणि माझी मालिका ज्या वेळेला लागायची, त्या वेळेला आमच्या भागात लाईटच नसायची.

"हे...?" मी विचारलं.

"आमचे मोठे भाऊ," मुलाचे चुलते म्हणाले. "पोराचे वडील."

पहिला विचार आला तो साफ संशयाचा. या लोकांनी सेटवरून कोणाकडून तरी फोटो मिळवला आणि भिंतीवर लावला. पण कशाला? मुलाचा बाप मेलेला नसेल! घर सोडून पळाला असेल, दुसरं लग्न करून कुठेतरी सुखात असेल, आणि स्थळ मोडू नये म्हणून ही सगळी सोय. मला भूत नाही दिसलं मंडळी, मला फसवणूक दिसली. आणि माझी भाची त्या घरात जाणार होती.

"फोटो छान आहे," मी म्हणालो. "कोट घालायचे वाटतं?"

"कुठला कोट! धोतर-बंडीतला माणूस. हा स्टुडिओतला कोट. भाऊ वारला तव्हा घरात एक बी फोटू न्हवता. मी हिंगोलीला गेलो, स्टुडिओवाल्याला भावाचं नाव सांगितलं. त्यानं ड्रॉवरमधून काढून दिला. म्हणला, कधीचा काढून ठेवलाय, न्यायला कोणी आलं न्हाई."

"मिशी अशीच होती?"

"बराबर अशीच."

हे तो माणूस माझ्या तोंडाकडे न बघता बोलला. मुलाची आई दारात उभी होती. ती मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मी बघताच तिने पदर पुढे ओढला. दोघंही काहीतरी लपवत होते, याबद्दल मला शंका उरली नाही.

मी गोड आवाजात अल्बम मागितला. मुलाच्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचा होता, पंच्याण्णवच्या सुमाराचा. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं. पानं उलटत गेलो. नवरा-नवरी याच बैठकीत पाटावर बसलेत, पाहुण्यांची गर्दी आहे, आणि मागे भिंतीवर तोच फोटो. चष्मा वर करून अल्बम डोळ्याजवळ नेला. पांढरं बटण दिसलं.

पंच्याण्णव साली मी दौऱ्यावर होतो. डोक्यावर दाट केस होते, तरुण प्रियकराच्या भूमिका करत होतो. भिंतीवरच्या माणसाचं कपाळ मागे गेलेलं होतं. चाळिशीनंतर माझं गेलं तसं. म्हणजे तो फोटो माझा होता... आणि मी तसा दिसायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे टांगलेला होता.

जीपमध्ये दाजींनी विचारलं, "मग? हो कळवून टाकू?"

"थांबा जरा," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी हिंगोली गाठली. स्टुडिओच्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं, आणि जुन्या मालकाचं नावही कोणाला सांगता येईना. मुंबईला परत आलो, सेटवर गेलो. आमचा फोटो त्याच खिळ्यावर. फोटोग्राफरला विचारलं, तर तो वैतागला. एकच प्रिंट काढली होती, निगेटिव्ह त्याच्या कपाटात. कॉम्प्युटरवर कोणी करामत केली म्हणावं, तर अल्बममधला तो फोटो पिवळा पडलेला, कोपरा कसरीने खाल्लेला. मी जिथे जिथे दोरी शोधली तिथे हात रिकामाच आला.

शेवटी वर्षाचाच फोन आला. रडवेली झाली होती.

"मामा, तुमी काहून आडून राहिले? पोरात खोट हाय का?"

"पोरात नाही गं."

"मंग कशात हाय? मला आवडलाय तो. सांगा ना, कशात हाय?"

काय सांगणार? तुझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या जागी मी टांगलेला आहे, हे सांगू? गावात चौकशी केली होतीच. माणूस खरोखर वारला होता, खांदा दिलेले लोक भेटले. फसवणुकीचा माझा संशय तिथेच खोटा ठरला होता, मला फक्त कबूल करायचं नव्हतं. मी दाजींना होकार कळवायला सांगितलं. पण मनातला खडा निघाला नाही. लग्नात अक्षता टाकतानाही मी त्या चुलत्यावर नजर ठेवून होतो.

लग्नानंतर वर्षाला भेटायला गोरेगावला गेलो, तेव्हा तिच्या सासूबाई बैठकीत एकट्याच होत्या. फोटोचा हार बदलत होत्या. मला बघून थबकल्या, मग खाली बसल्या.

"मामा, एक इचारू? फोटू मागायला आले का तुमी?"

मी फोटोकडे बघितलं.

"तुमी आले त्या दिशीच वळखलं म्या. पोह्याची बशी घेऊन बसले व्हते, तव्हाच. इतके वरीस ज्याला हार घातला तो माणूस चपला काढून घरात येऊन राहिला... काय वाटलं असंल मला? पण बोलले न्हाई. तुमी म्हणले असते माझा फोटू काढा, मंग मी भिंतीवर काय लावू?"

"पण तुमचे दीर म्हणाले, मिशी बराबर अशीच..."

"भाऊजी काय बी म्हणतेत. तेरवीला पाव्हणे बसलेले, फोटू न्हाई. ह्यो आणला, लावला. त्यांचं तोंड असं न्हवतंच, मामा. जरा बी न्हवतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगून काय दुसरा मिळत व्हता?" त्यांनी जुन्या हारातली सुकलेली फुलं ओंजळीत गोळा केली. "आधी डोळे मिटले की त्यांचं तोंड यायचं. मंग हळूहळू हेच याया लागलं. आता किती बी याद केलं तरी तुमचंच येतंय. त्यांचं गेलं ते गेलंच."

मला भीती वाटली नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी एवढंच म्हणालो, "राहू द्या तो तिथेच." त्यांनी मान हलवली आणि नवा हार सरळ केला.

तो फोटो हिंगोलीच्या त्या ड्रॉवरमध्ये कुठून आला, मला आजही माहीत नाही. दोरी ओढणारा कोणीच सापडला नाही, आणि आता मी शोधतही नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे चेहरे लावून पोट भरलं. पण एका माणसाचा चेहरा त्याच्या बायकोच्या डोळ्यांपुढून कायमचा गेला आणि तिथे माझा बसला, हे काम मी कधी केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, तुम्हीच सांगा.