पावडरीतली पावलं

ज्वारीचं पीठ चाळायला घेतलं आणि अर्ध्यावरच उठले. परातीबाहेर फरशीवर पिठाचा पातळ थर बसला होता. हरिपाठ म्हणता म्हणता नजर त्यावर गेली आणि पंकजाताई आठवल्या. त्यांच्याविषयी आधी लिहिते.

पंकजाताई नगरला लहान मुलांच्या दवाखान्यात असतात. सुप्याहून एसटीनं येतात, नवरा तिथल्या कंपनीत आहे. शिकल्या मानसशास्त्र, पण वॉर्डातली पोरं त्यांना खेळताई म्हणतात. "आमचे सासरे पाहुण्यांना सांगतात, सूनबाईला पोरांशी खेळायचा पगार मिळतो," हे त्यांनीच मला हसत सांगितलं. पिशवीत बिनसुईची सिरिंज आणि एक कापडी बाहुली.

आम्ही नेवाशाचे. सासूबाई, गोजरबाई, गेल्या आणि थोड्याच दिवसांत माझी सात वर्षांची संस्कृती पाणी पिऊन पिऊन सुकत चालली. एक दिवस ग्लानीतच गेली. नगरला नेल्यावर कळलं, साखर आहे. लहान मुलांनाही होते, आणि इन्सुलिन रोज, जन्मभर. शुद्धीवर आल्यावर सुई पाहून पोर ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ही आजीची सुई आहे."

सासूबाईंनाही साखर होती, रोज सुई घ्यायच्या. त्यापायी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढला होता.

मी, हे आणि दोघी सिस्टर, असं सगळ्यांनी धरायचं, मग सुई. डॉक्टर म्हणाले, "घरी रोज कोण धरणार? सुई चुकली तर ती पुन्हा ग्लानीत जाईल. स्वतःहून हात पुढे करेपर्यंत सोडता येणार नाही."

एका सकाळी झाडणारी चांगुणा केरसुणी धरून दारातच थबकली. "वैनी, ह्ये काय हाय?"

कॉटजवळ अंगाची पावडर सांडली होती आणि तिच्यात पावलं. तान्ह्या बाळाएवढी. सगळ्या पावलांची बोटं संस्कृतीकडे वळलेली.

"म्या न्हाई पुसनार," चांगुणा म्हणाली आणि निघून गेली.

अशी पावलं मी घरी पाहिली होती. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात, वर वेताची पाटी झाकतात. सकाळी पाटी उचलून कशाचं पाऊल उमटलं ते बघतात. सासूबाईंच्या पिठात असंच चिमुकलं पाऊल निघालं. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "लई ल्हान हाय. म्हातारी एकली न्हाई जायची. घरातलं लेकरू मागतीय." संस्कृती तेव्हा दारात उभी होती.

हे सगळं मी पंकजाताईंना सांगितलं. त्यांनी पावडर पुसली नाही. पावलांशेजारी फरशीवर बसल्या, बाहुली मांडीवर घेतली.

"ही बाहुली सुई नको म्हणते. कुणाला घाबरते गं ही?"

"आजीला," संस्कृती म्हणाली. "हिनंच बोलावलंय तिला."

तिनं मूठ वळली, कॉटच्या कठड्यावर आडवी टेकवली, वर बोटांनी टिंबं दिली. गौरीची पावलं. सासूबाईंनीच शिकवली होती. गौर येते तशी आजी परत येईल म्हणून पोरीनं त्या रात्री पाटीखाली हात घालून पिठात तसंच पाऊल काढलं होतं, हे तेव्हा कळलं.

"मग रंगुआजी बोलली. आता आजी मला न्यायला आलीय. कुठवर आली ते बघायला मी पावडर टाकली. ही पावलं मी नाही काढली."

तिच्या मुठीच्या रेघांत पावडर होती. मला दिसली, ताईंनाही दिसली असणार. त्यांनी विचारलं, "गौर आली की पुढं काय करता?"

"बोळवतो. दहीभात देऊन."

"मग आजीला कुणी बोळवलं?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, देवीच्या पावलांचा असा खेळ बरा नव्हे."

"वहिनी, नात सुई घेऊन जगली तर सासूबाई रागावतील का?"

मी खालच्या खाणावळीतून दहीभात आणला, दारापाशी ठेवला. ताईंनी सलाईनचा स्टँड धरला. संस्कृती पावडर टाकत, रांगत रांगत दाराकडे बोटं केलेली पावलं काढत गेली, उंबऱ्याशी थांबली. "आजी, तू जा. मी नाही येत."

परत कॉटवर येऊन तिनं विचारलं, "दुखेल?"

"दुखेल," ताई म्हणाल्या. "थोडंच. मग थांबेल."

तिनं हात पुढे केला. कुणीच धरलं नाही.

मी पावडर पुसायला फडकं घेऊन दाराशी गेले. उंबऱ्याबाहेर, जिथं पोर गेलीच नव्हती, तिथं आणखी एक पाऊल होतं. मोठं, टाचेला भेगा पडलेलं, जिन्याकडे वळलेलं. अंगठ्याची जागा रिकामी.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. पाहत राहिल्या. मग माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी स्वतः ते पुसलं. "तिला सांगू नका. तिनं तिचं काम केलंय," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी सुट्टी मिळाली. आज सकाळी संस्कृतीनं माझ्याआधी फ्रीज उघडला, बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "आई, संपत आली."

पीठ राहू दे. मेडिकलमध्ये इन्सुलिन आणायला जाते.